शिवेवरचा फुलोबा

मित्रांनो, मी एक जुना, काळा, चौकोनी दगड आहे. उंची दीड-दोन हात, डोक्यावर टाकीने कोरलेली फुली आणि पोटावर सातचा आकडा. एवढ्यावर तुम्ही म्हणाल, दगडाची कसली आली हकीकत? म्हणून आधीच सांगून टाकतो, की मधली अठरा वर्षं मी देव होतो. माझ्यापुढे नारळ फुटले, माझ्या नावाने नवस बोलले गेले आणि ते फिटलेही. मग एके दिवशी मला पुन्हा दगड व्हावं लागलं. देवाचा दगड झाला म्हणजे लोक हळहळतात. माझ्या बाबतीत मात्र वाडीने ढोल वाजवला आणि गुळाचा मलिदा वाटला. तो ढोल का वाजला, तेच मला तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म मावळातला. मळवली स्टेशनावर उतरलात की लोहगड आणि विसापूर अशी किल्ल्यांची जोडी दिसते. लोहगडवाडीच्या पलीकडे डोंगराची एक लांब सोंड उतरते आणि तिच्या कुशीत कातळवाडी नावाची वीस-बावीस घरांची वाडी आहे. गोऱ्या साहेबाच्या अमलात इथल्या जमिनींची मोजणी निघाली, तेव्हा एका पाथरवटाने त्या सोंडेच्या काळ्या कातळातून मला घडवलं. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. माझा अनुभव सांगू? घाव सोसून पन्नास वर्षं झाली तरी देवपण आलं नाही. ते आलं एका म्हशीमुळे, आणि ती गोष्ट पुढे येईलच.

मला सोंडेच्या अगदी धारेवर, म्हणजे तिच्या अरुंद माथ्यावर पुरलं. पुरण्याआधी मोजणीदाराने खड्ड्यात पाटीभर लोणारी कोळसा ओतला. लाकूड कुजतं, लोखंड गंजतं, पण कोळसा जमिनीत पिढ्यान्पिढ्या तसाच राहतो. उद्या दगड हरवला तरी त्याची जागा हरवू नये, म्हणून ही युक्ती. माझं काम सोपं होतं. माझ्या अलीकडे वाडीचं गायरान, पलीकडे सरकारी पड. धारेवरच थोडं पुढे माझा भाऊ, आठ नंबरचा दगड. आम्हा दोघांना जोडणारी रेघ म्हणजे हद्द. ती कुणाला दिसत नव्हती, पण आम्ही होतो म्हणून ती होती.

काम महत्त्वाचं असलं तरी मान मात्र काडीचा नव्हता. गुराखी माझ्यावर बसून भाकरी खायचे, कोयत्याला माझ्या कडेवर धार लावायचे. वर कुणी चुकलं की ‘दगड आहेस नुसता’ असं एकमेकांना म्हणायचे. मला ते लागायचं. पण दगडाने रागावून करायचं काय, म्हणून मी ऊन, वारा आणि मावळातला चार महिन्यांचा पाऊस अंगावर घेत उभा राहिलो.

स्वराज्य आल्यावर तिसऱ्या वर्षाची गोष्ट. वाडीतल्या चिमाबाईची गाभण म्हैस संध्याकाळी घरी आलीच नाही. त्या दिवसांत सोंडेवर बिबट्या फिरत होता. चिमाबाई तेव्हा तिशीची, अंगाने किरकोळ पण पायांना भिंगरी लावलेली. ती रात्रभर देव पाण्यात घालून बसली आणि उजाडताच धापा टाकत वर आली. बघते तर म्हैस माझ्याशेजारी शांतपणे रवंथ करत उभी, आणि चहूबाजूंनी चिखलात बिबट्याच्या पावलांचे ठसे. म्हशीच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता.

आता खरं सांगतो, मी काहीही केलं नव्हतं. म्हशीला पाठ खाजवायची होती. रात्रभर ती माझ्यावर अंग घासत होती, फुरफुरत होती आणि शिंगं आपटत होती. बिबट्याला तो प्रकार काही कळेना, म्हणून तो दोन फेऱ्या मारून निघून गेला. पण चिमाबाईने माझ्यापुढे डोकं टेकलं तेव्हा तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. पन्नास वर्षांत माझ्यापुढे कुणी वाकलं नव्हतं. मी मूग गिळून गप्प बसलो, आणि मित्रांनो, मला ते फार आवडलं.

दुसऱ्या दिवशी मला शेंदूर लागला. डोक्यावरच्या फुलीवरून नावही पडलं, फुलोबा. मग वाडीला माझी काळजी वाटू लागली. आपण घरात निजतो आणि देव तिकडे उघड्यावर भिजतो, हे बरं दिसतं का? वाडीच्या वर जांभळाच्या झाडाखाली एक झरा आहे. बारमाही, थंडगार. वाडीला पाणी काय ते तेवढंच. तिथल्या सावलीत देवाला आणून बसवायचं ठरलं. मी सरकारी हद्दीचा दगड आहे हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. मोजणी झाली तेव्हा हजर असलेलं माणूस वाडीत उरलं नव्हतं, आणि आकडा वाचणारं अजून कुणी झालं नव्हतं.

या डोंगरातल्या लोकांची एक रीत आहे. देव उचलला की त्याची जागा मोकळी ठेवायची नाही. रोजच्या वापरातली घरची एक वस्तू तिथे पुरायची. पाहुण्याचं ताट रिकामं दिसू देत नाहीत, तसं. चिमाबाईने पाट्यावरचा आपला वरवंटा डोक्यावर घेऊन वर आणला. दगडाच्या बदली दगड, असा तिचा हिशेब. आठ गड्यांनी मला दोरांनी बांबूला बांधून उचललं आणि तेवढ्यात एकाचा पाय घसरला. मी धाडकन त्या वरवंट्यावर पडलो. वरवंट्याचे मधोमध दोन तुकडे झाले.

सगळ्यांचे चेहरे उतरले. देवाने पहिल्याच दिवशी बाईचा वरवंटा फोडला होता. तेव्हा चिमाबाईची सासू येसूबाई पुढे झाली. तिने दोन्ही तुकडे उचलले, हातात तोलले आणि म्हणाली, “अर्दा देवाचा, अर्दा घरचा. वाटून घेतलं की पुरतं.” एक तुकडा खड्ड्यात गेला, त्यावर माती गेली. दुसरा चिमाबाईने ओटीत घातला. त्या अर्ध्या वरवंट्यावर तिने पुढे अठरा वर्षं चटणी वाटली. निम्मा वरवंटा सारखा निसटायचा आणि तिची बोटं चेंगरायची. मग ती झऱ्यावर येऊन मला बोलून घ्यायची, की तुझ्यापायी माझा हात कामातून गेला. देवाला एवढं हक्काने रागावणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

देवपणाची ती वर्षं किती सुखाची होती म्हणून सांगू. झऱ्याशी बसणाऱ्याला वाडीतली कुठलीही गोष्ट चुकत नाही. कुणाची सून रुसली, कुणाची नाचणी कीड लागून गेली, कुणाला मुलगी झाली, सगळं मला पहिल्यांदा कळायचं. बाया घागर धारेखाली लावून ओवी म्हणायच्या. त्यांची मोजायची रीतच ती होती. दोन ओव्या झाल्या की घागर भरलीच, वर बघायचीसुद्धा गरज नाही. बायडाबाईचा आवाज सगळ्यांत खणखणीत. तिची ओवी मला अजून पाठ आहे.

“डोंगराच्या कुशीमंदी पानी झुळूझुळू वाहे,
फुलोबा देव माजा काठी बसूनिया पाहे.”

मी खरंच बसून पाहत होतो. आणि वर धारेवर काय चाललंय, ते पाहायला तिथे कुणीच नव्हतं.

धारेच्या पलीकडच्या सरकारी पडीत एका ठेकेदाराला दगडखाणीचा परवाना मिळाला. रस्त्यांना खडी हवी होती. आधी दोन वर्षं सुरुंगांचे आवाज लांबून येत होते. मग पलीकडचा चांगला दगड संपला, आणि ठेकेदाराचा मुकादम माणसं घेऊन सरळ धार ओलांडून अलीकडे, वाडीच्या गायरानात उतरला. विचारणारं कोण होतं? हद्दीवर मी नव्हतो. माझा भाऊ आठ नंबर होता, त्याला त्यांनी पहिल्याच सुरुंगात उडवलं. त्याचा एक तुकडा उडून बायडाबाईच्या भाताच्या खाचरात पडला. त्याच्यावर अर्धी फुली तेवढी शिल्लक होती.

ज्या कातळाला ते पोखरत होते, त्याच्याच पोटातून आमचा झरा येत होता. पहिल्यांदा पाणी गढूळ झालं. मग धार बारीक झाली. दोन ओव्यांत भरणारी घागर चार ओव्या घेऊ लागली, मग सहा, आणि माघ महिन्यात नऊ. झऱ्यावर गप्पांऐवजी रांग लागली. बाया ओवी म्हणेनाशा झाल्या, नुसत्या घागरीकडे बघत उभ्या राहायच्या. नवस मात्र वाढले. रोज कुणी ना कुणी माझ्यापुढे हात जोडून पाणी मागायचं, आणि मला माझ्या देवपणाची पहिल्यांदा लाज वाटली.

चिमाबाई दर उन्हाळ्यात करवंदं घेऊन लोणावळ्याच्या बाजाराला जायची. कुसगावची सरुबाई तिची जुनी गिऱ्हाईक. बोलता बोलता चिमाबाईने झऱ्याचं दुखणं तिला सांगितलं. सरुबाईचा मुलगा निवृत्ती वडगावच्या कचेरीत नवीनच वकिली करू लागला होता. आईने त्याला बजावलं, की या बाईची करवंदं खाऊन तू मोठा झालास, आता तिचं काम कर, आणि फी मागितलीस तर घरात जेवायला मिळणार नाही. दुसऱ्याच रविवारी निवृत्ती वकील सायकल पायथ्याच्या भाजे गावात ठेवून घामाघूम होत वाडीत आले.

त्यांना काळ्या कोटात बघून वाडी आधी बिचकली. पण हा माणूस शेतकऱ्याचा मुलगा होता. त्याने बूट काढले, झऱ्याचं पाणी ओंजळीने प्यायलं आणि विचारलं, पाणी कमी झालं हे साहेबाला पटवायचं कसं? वाडीचा कारभारी शिदूआबा म्हणाला, पूर्वी दोन ओव्या लागायच्या आणि आता नऊ लागतात. वकिलांनी घड्याळ काढलं. बायडाबाई लाजत लाजत गायली आणि वकिलांनी लिहून घेतलं, दोन ओव्या म्हणजे पाऊण मिनिट, नऊ ओव्या म्हणजे जवळजवळ साडेतीन मिनिटं. वाडीतल्या त्रेचाळीस माणसांनी अर्जावर अंगठे उठवले. अंगठा उठवायला माझ्या अंगावरचा शेंदूर घेतला होता, कारण शाईची डबी वकील घरीच विसरले होते. माझा शेंदूर लागलेला तो कागद मामलेदारांच्या कचेरीत गेला, याचा मला आजही अभिमान आहे.

हिवाळा सरता सरता अर्जाचा परिणाम झाला. धारेची मोजणी करायला कोंडाजी नावाचे मोजणीदार आले, बरोबर ठेकेदाराचा मुकादमही आला. नकाशाचं नेमकं आमच्या धारेचं पान कसरीने खाल्लेलं होतं, म्हणून सगळी भिस्त दगडांवर. ते बिचारे उन्हात दोन तास धारेवर सात आणि आठ नंबर शोधत फिरले. आठचा चुरा झाला होता आणि सातचा पत्ता नव्हता. शेवटी पाणी प्यायला ते झऱ्यावर आले. घोट घेता घेता त्यांची नजर माझ्या डोक्यावर गेली. नारळ फोडून फोडून तिथला शेंदूर झिजला होता आणि फुली स्पष्ट दिसत होती. त्यांनी पोटावरचा शेंदूर अंगठ्याने खरवडला. खाली सातचा आकडा होता.

हा दगड इथे कधीपासून आहे, असं त्यांनी सहज विचारलं. आणि इथे, मित्रांनो, आमच्या वाडीने अशी चूक केली, की जी देवाला जीव लावणाऱ्यांच्याच हातून होते. आपला देव कालपरवाचा आहे असं कुठलं गाव सांगेल? बायडाबाईने पदर सावरला आणि मोठ्या तोऱ्यात म्हणाली, “ह्यो काय आजकालचा हाय व्हय, भाऊ? आमच्या आज्या-पंज्याच्या आदीपास्नं हितंच हाय. आपसूक जिमिनीतनं वर आलेला देव हाय.” बाकीच्या बायांनीही माना डोलावल्या. कोंडाजींनी ते शब्द जसेच्या तसे उतरवून घेतले.

मुकादमाच्या मनात मात्र हर्ष मावेना. त्याचं म्हणणं सरळ होतं. सात नंबरचा दगड झऱ्याजवळ आहे आणि पहिल्यापासून तिथेच आहे, असं गावच सांगतंय. मग हद्द झऱ्यावरून जाते, आणि झऱ्याच्या वरचा सगळा कातळ आमच्या परवान्यातला. तुमचाच देव आमच्या बाजूने साक्ष देतो, असं म्हणून तो जाताना मला नमस्कार करून गेला. तो नमस्कार मला कोयत्याच्या धारेहून जास्त झोंबला.

निवृत्ती वकिलांना हे कळलं तेव्हा ते डोक्याला हात लावून बसले. त्यांनी विचारलं, देव खरोखर इथलाच का? शिदूआबाची तर पाचावर धारण बसली होती, कारण मला बांबूला बांधणाऱ्या आठ गड्यांत तोही होता. शेवटी त्यानेच चाचरत सगळं सांगितलं. वकिलांनीही काही लपवलं नाही. सरकारी हद्दीचा दगड हलवणं हा गुन्हा आहे. खरं सांगितलं तर शिक्षा होऊ शकते, खोटं तसंच राहू दिलं तर झरा जातो. प्रांतसाहेब फाल्गुनात स्वतः जागा बघायला येणार आहेत, तोवर वाडीने ठरवावं. खरं बोलणाऱ्याच्या बाजूने आपण उभे राहू, एवढाच शब्द त्यांनी दिला.

पंधरा दिवस वाडी धुसफुसत होती. काही म्हणाले, देव आहे तो, त्याला दगड कसं म्हणायचं? देवाला सरकारदरबारी दगड म्हटलं तर कोप होईल. एका सकाळी चिमाबाई एकटीच झऱ्यावर आली, घागर खाली ठेवली आणि माझ्यासमोर बसली.

“फुलोबा,” ती म्हणाली, “तुजं घर वर हाय. माज्या म्हशीला राखलंस म्हून मी तुला खाली आनलं. लाडानं आनलं, पर इचारलं न्हाई. आता तुजी जागा तुला बोलावतीया. मला राग धरू नगंस.”

तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. वरवंट्याने चेंगरून तिची दोन नखं काळी पडली होती. मला बोलता येत असतं तर मी ओरडून सांगितलं असतं, की बाई, राग कसला, मी तर निघायला केव्हाचा तयार आहे. देवपणाची गोडी मला होतीच, ती नाकारत नाही. पण ज्या झऱ्याकाठी बसून ती चाखली, तो आटल्यावर मी कोरड्या जांभळाखाली देव म्हणून काय करणार होतो?

ठरल्या दिवशी प्रांतसाहेब आले. गंभीर चेहऱ्याचे, चष्म्यावरून बघणारे गृहस्थ. जांभळाखाली खुर्ची-टेबल टाकलं, शेजारी कोंडाजी, समोर एका बाजूला मुकादम आणि दुसऱ्या बाजूला वाडी. आधी पाण्याची गोष्ट निघाली. वकिलांनी ओव्यांचा हिशेब सांगितला तेव्हा साहेब म्हणाले, हे मला डोळ्यांनी बघायचं आहे. घागर धारेखाली लावली, बायडाबाई उभी राहिली आणि दबक्या आवाजात सुरू झाली. तिसऱ्या ओवीला तिची भीती गेली. सातव्या ओवीला साऱ्या बाया तिच्याबरोबर गाऊ लागल्या. कित्येक महिन्यांनी झऱ्यावर गाणं ऐकलं आणि माझा ऊर भरून आला. दहा ओव्या झाल्या तरी घागर भरली नव्हती. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं आणि लिहून घेतलं.

मग मुकादमाने आपला मुद्दा मांडला. बायडाबाईचे शब्द कागदावरून वाचून दाखवले. बायडाबाई मान खाली घालून उभी होती. साहेबांनी विचारलं, हे खरं आहे का? तेव्हा चिमाबाई पुढे आली.

“सायेब, बायडी बोलली ती देवाच्या मोटेपनापायी बोलली. देव हितला न्हाई. वर धारंवर व्हता. अठरा वर्सं झाली, आमीच खाली आनला. त्यो सरकारचा हाय ह्ये आमाला ठावं न्हवतं. गुन्हा असंल तर माज्या नावावर लिवा.”

मुकादम हसला. झरा जातोय म्हटल्यावर आता गोष्ट बदलली, याला पुरावा काय, असं त्याने विचारलं. चिमाबाईने ओटीत हात घातला आणि तो अर्धा वरवंटा काढून साहेबांच्या टेबलावर ठेवला. चटणी वाटून वाटून तो गुळगुळीत झाला होता, मोडलेली कड तेवढी अजून खडबडीत होती.

“ह्यो घरचा अर्दा,” ती म्हणाली. “देवाचा अर्दा वर हाय. जागा मी दावते.”

सगळी मंडळी कुदळ-फावडं घेऊन धारेवर निघाली. खाली राहिलो आम्ही दोघं. मी, आणि गुडघ्यांनी जेरीस आलेला शिदूआबा. तो माझ्याशेजारी बसला. बराच वेळ वरून काही ऐकू येईना. मला कोळसा आठवत होता, तो अर्धा वरवंटा आठवत होता. पण अठरा पावसाळ्यांनी जागेची काय दशा केली असेल, कुणास ठाऊक. शिदूआबाने माझ्याकडे पाहिलं, हात जोडले आणि हळूच म्हणाला, “देवा, तू खराच देव असशील, तर आज दगड होऊन दाखीव.”

इतकी वर्षं इतके नवस ऐकले, पण असा कुणी बोलला नव्हता. आणि गंमत बघा, तेवढा एकच नवस मला खरोखर पुरा करता येण्यासारखा होता.

वर काय झालं ते मला नंतर बायडाबाईकडून निदान शंभर वेळा ऐकायला मिळालं. चिमाबाईने पहिल्यांदा दाखवलेल्या जागी काही निघालं नाही. मुकादमाने तोंडावर रुमाल धरून हसू लपवलं. चिमाबाई खाली बसली आणि तिने समोर पाहिलं. माझ्याशेजारी बसून ती पूर्वी म्हैस राखायची, तेव्हा लोहगडाचा विंचूकाटा, गडाची ती लांब निमुळती माची, सरळ नाकासमोर यायचा. आता तो जरा डावीकडे दिसत होता. मध्ये करवंदीची जाळी वाढली होती, तिच्यामुळे फसगत झाली. ती बसल्या बसल्या सरकत गेली, साहेबांच्या देखत, लुगडं मातीने भरलं तरी. विंचूकाटा नाकासमोर आला तशी तिने जमिनीवर थाप मारली. तिथे हातभर खणल्यावर कुदळ खणकन वाजली.

मला तो आवाज ऐकू आला नाही. मला ऐकू आला तो नंतरचा गलका. लोक धावत खाली आले. सगळ्यांत पुढे चिमाबाई, हातात मातीने माखलेला दगडाचा तुकडा, आणि बोटं कोळशाने काळीकुट्ट. तिने तुकडा झऱ्याच्या बारीक धारेखाली धुतला आणि टेबलावरच्या अर्ध्याला लावला. दोन्ही कडा एकमेकींत अशा बसल्या, की मध्ये केससुद्धा शिरला नसता. एक अर्धा झिजून बारीक झालेला, दुसरा अठरा वर्षं न वापरलेला, नव्यासारखा गुबगुबीत. त्या विजोड वरवंट्याकडे बघून आधी वकील हसले, मग कोंडाजी, आणि शेवटी गंभीर चेहऱ्याचे प्रांतसाहेबही हसले.

कोंडाजींनी मग सांगितलं, की वरवंट्याखाली लोणारी कोळशाचा थर लागला आहे आणि तो थर सरकारी मोजणीच्याच दगडाखाली असतो. आता शंका घ्यायला जागा उरली नव्हती. हद्द धारेवर होती. कातळ वाडीचा होता, झरा वाडीचा होता. अलीकडची खाण त्याच दिवशी बंद करण्याचा हुकूम साहेबांनी लिहिला, आणि आठ नंबरचा दगड उडवल्याबद्दल ठेकेदारावर वेगळी चौकशी लावली. मुकादम जाताना मला नमस्कार करायला विसरला.

राहिला गुन्हा. दगड कुणी हलवला, हे लिहायचं होतं. साहेबांनी कुणाचं नाव लिहू म्हणून विचारलं. चिमाबाईने आपलं सांगितलं. मागून बायडाबाई म्हणाली, दोर मी वळला होता. शिदूआबा म्हणाला, बांबू माझा होता. मग वाडीतला एकेक जण पुढे येऊन आपलं नाव देऊ लागला. त्या वर्षी जन्मलासुद्धा नव्हता, अशा एका गड्यानेही दिलं. साहेबांनी चष्मा पुसला आणि शिक्षा लिहिली. ज्यांनी दगड खाली आणला त्यांनीच तो वर नेऊन बसवावा, आणि दरवर्षी एकदा सगळ्या वाडीने धारेवर जाऊन हद्दीचे दगड पाहावेत, त्यांना चुना लावावा. अशी शिक्षा ऐकून कुणी ढोल वाजवल्याचं तुम्ही ऐकलंय का? आमच्या वाडीने वाजवला.

मला वर न्यायच्या दिवशी एक पेच उभा राहिला. देव उचलला की जागा मोकळी ठेवायची नाही, ही रीत. मग झऱ्याकाठच्या माझ्या जागी काय ठेवायचं? बायडाबाईने खाचरातून आठ नंबरचा तो अर्ध्या फुलीचा तुकडा आणला. पण आता वाडी शहाणी झाली होती. चिमाबाईने तो तुकडा आधी कोंडाजींपुढे धरला आणि विचारलं, “भाऊ, ह्याला देव केला तर चालंल न्हवं? का ह्याचा बी कुटं कागद हाय?” कोंडाजींनी तो उलटसुलट करून पाहिला आणि मोठ्या गांभीर्याने सांगितलं, की याची नोकरी संपली आहे, याला खुशाल देव करा. आज झऱ्याकाठी माझा भाऊ देव आहे. आकाराने लहान, पण नवसाला पावतो म्हणे.

निवृत्ती वकील त्या दिवशी सायकलला पिशवी अडकवून आले होते. पिशवीत तळेगावच्या बाजारातून आणलेला नवा कोरा अख्खा वरवंटा होता. तो चिमाबाईच्या हातात देऊन त्यांनी जुने दोन्ही तुकडे मागून घेतले आणि खड्ड्यात, कोळशावर, एकमेकांना लावून ठेवले. त्यावर मला बसवलं. अठरा वर्षांपूर्वी माझ्यामुळे जे तुटलं ते माझ्याच पायाखाली जुळलं, यापेक्षा मोठं समाधान दगडाला कुठलं असणार? नव्या वरवंट्यावर चटणीला पहिली चव येत नाही, अशी चिमाबाईची तक्रार मात्र अजून चालू आहे.

त्याला आता काही वर्षं झाली. खाणीच्या खड्ड्यात पाणी साचतं आणि तिथे म्हशी डुंबतात. झऱ्याची धार पुन्हा पहिल्यासारखी भरली नाही, पण चार ओव्यांत घागर भरते. दर चैत्रात वाडी ढोल घेऊन धारेवर येते, मला आणि शेजारच्या नव्या आठ नंबरला चुना लावते. चिमाबाई हळूच थोडा शेंदूरही लावते. सरकारने चुना सांगितला होता, शेंदूर लावू नका असं कुठे म्हटलंय, असं तिचं म्हणणं.

मित्रांनो, तुमच्याही गावाच्या शिवेवर माझ्यासारखा एखादा दगड गवतात दडलेला असेल. त्याच्यावर बसून भाकरी खा, त्याला देव माना, नुसता दगड म्हणा, तुमची खुशी. पण तो कुठे आहे, ते घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या आणि वर्षातून एकदा त्याला भेटून या. पाणी आटायला लागल्यावर त्याला शोधायची पाळी आणू नका.

माझी काळजी मात्र करू नका. माझ्या पायाखाली पाटीभर कोळसा आहे आणि चिमाबाईचा वरवंटा आहे. यापुढे मला कुणाला हलवायचं असेल, तर आधी तिला विचारावं लागेल.